कलकत्त्याचे दिवस आणि कलकत्त्याच्या रात्री

आमच्या नागपुरांतील पदार्थसंग्रहालयास गांवचे लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. त्याची स्थापना १८६३ सालीं झाली. लहानपणीं वडिलांचें बोट धरून मी तेथें पेंढा भरलेले प्राणी पाहावयास जात असें. पुढें मास्तर झाल्यावर तीस वर्षें दरसाल एकेक वर्ग घेऊन तेथेंच जात असें. त्यामुळें पदार्थसंग्रहालय म्हणजे काय हें आपणांस पुरतें ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. २०२५ सालच्या पौषांत आठ दिवस कलकत्त्यास राहण्याचा योग आला आणि ती समजूत बरीचशी ढासळली. तिकडच्या मोठ्या संग्रहालयास लोक ‘जादूघर’ म्हणतात. अजब बंगल्यांतून निघालों आणि जादूघरांत जाऊन पोंचलों, एवढाच खरा माझ्या प्रवासाचा वृत्तान्त. परंतु मधल्या रात्रींनीं जें शिकविलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें. ह्या सदरांत मी एरव्हीं घरगुती गोष्टीच लिहितों. ही गोष्टहि अखेर घरींच येऊन थांबते. तेव्हां मास्तर सदर सोडून भटकले असें कोणी म्हणूं नये.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्तानें बारा वर्षें कलकत्त्यास आहे. (सरकारदरबारीं २००१ पासून त्या शहराचें नांव ‘कोलकाता’ झालें, परंतु माझ्या जिभेचें वळण जुनें, तें आतां कोठें बदलावयाचें!) त्याची पत्नी बंगाली आहे, तिची आई त्यांच्यापाशींच राहते, आणि घरांत दोन वर्षांची एक कन्या आहे. त्यानें लिहिलें, “गुरुजी, तुम्हीं आम्हांस हुगळी नदी फळ्यावर काढून दाखविलीत, आतां ती डोळ्यांनीं पाहावयास या.” आमच्या सौ.चे गुडघे प्रवासास राजी नव्हते. मी एकटाच निघालों. हावड्यास उतरल्यावर नदीवरचा १९४३ सालचा तो विख्यात पूल ओलांडावयाचा, अशा अपेक्षेनें मी धोतराचा सोगा सांवरून उभा होतों. परंतु विद्यार्थ्यानें मला जिन्यानें खालीं नेलें आणि मेट्रो गाडींत बसविलें. २०२४ च्या मार्चांत सुरू झालेली ही गाडी चक्क नदीच्या तळाखालून जाते. “गुरुजी, आतां आपल्या डोक्यावर हुगळी आहे,” असें तो म्हणाला, तोंच गाडी पलीकडे पोंचलीहि. ज्या नदीसाठीं मी आलों, ती प्रथम अशी न पाहतांच ओलांडली!

पहिला दिवस जादूघराचा. एशियाटिक सोसायटीनें हें संग्रहालय १८१४ सालीं काढलें आणि नाथॅनिएल वॉलिच नांवाच्या डेन्मार्कच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचा पहिला भार वाहिला. चौरंगीवरील सध्यांची इमारत १८७८ सालीं लोकांस खुली झाली. मधें मोकळें अंगण, भोंवतीं उंच खांबांच्या ओवऱ्या आणि त्यांतून दालनांमागून दालनें, अशी तिची रचना आहे. मुलांची सारी गर्दी मिसर देशाच्या ममीभोंवतीं होती. मुलांचें तें बरोबरच आहे. मृत्यूला कपड्यांत गुंडाळून ठेवलेला पाहणें ही काय थोडी जादू आहे! पण माझे पाय खिळले ते भारहुताच्या दालनांत.

भारहूत हें मध्यप्रदेशांत सतना जिल्ह्यांतलें गांव. तेथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत एक बौद्ध स्तूप उभा होता. १८७३ सालीं कनिंगहॅम साहेबांस त्याचे अवशेष सांपडले तेव्हां आसपासच्या खेड्यांतील लोकांनीं त्याचे दगड घरें बांधण्यासाठीं कधींच उचलून नेले होते. जें उरलें तें साहेबांनीं कलकत्त्यास हालविलें. तांबड्या दगडाचा तो कठडा आणि तें तोरण आज ह्या दालनांत उभें आहे. त्यावर जातकांतील कथा कोरल्या आहेत, आणि विशेष असा कीं पुष्कळ चित्रांच्या शेजारीं तें चित्र कशाचें हें ब्राह्मी लिपींत लिहिलें आहे. एका वर्तुळांत अनाथपिंडिक श्रेष्ठी बुद्धासाठीं जेतवन विकत घेतो आहे. जमिनीचा मालक म्हणाला, सारी भूमि नाण्यांनीं झांकशील तर देईन. म्हणून सोडलेल्या गाडीशेजारीं बैल बसले आहेत आणि सेवक चौकोनी नाणीं एकाला एक लावून जमिनीवर मांडीत आहेत. व्यवहार दगडावर कोरून ठेवला आहे: वस्तु कोणाची होती, कोणीं घेतली, आणि काय किंमत देऊन घेतली. कित्येक खांबांवर तो खांब ज्यानें दान दिला त्याचें नांवहि आहे.

मी शाळामास्तर, मला प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचण्याची खोड. कोणती वस्तु, कोणत्या गांवची, कोणत्या काळची, कोणाकडून आली. दुपारपर्यंत अशा शेंकडों चिठ्ठ्या वाचल्या आणि मनांत आलें कीं, चिठ्ठीवांचून वस्तु मुकी असते. तेव्हांच आमच्या घरच्या वाटीची आठवण झाली.

आमचे मूळ पुरुष नागपूरकर भोसल्यांच्या फडावर कारकून होते. त्यांच्या हातचें म्हणून आमच्या महालांतल्या घरांत आतां एकच चीज उरली आहे: कांशाची एक खोल वाटी. ती ‘बंगालच्या स्वारींतून’ आली असें माझे आजोबा सांगत. आमच्या कुळांतील प्रत्येक मुलाचें उष्टावण त्याच वाटींतल्या खिरीनें होतें. माझें झालें, माझ्या मुलांचें झालें, नातवंडांचें झालें. पाहुण्यांस ती मी मोठ्या अभिमानानें दाखवीत आलों. जादूघरांत उभा राहून मी मनाशीं म्हणालों, आपल्या वाटीलाहि अशी एक चिठ्ठी हवी. घरीं गेल्यावर सुवाच्य अक्षरांत लिहूं.

त्या रात्रीं विद्यार्थ्यानें मला पार्क स्ट्रीट दाखविला. आमच्या पिढीला रात्रीचें शहर म्हणजे अधःपाताचें दुसरें नांव असें शिकविलेलें. नऊ वाजतां आम्ही तिकडे गेलों तेव्हां मी अंग चोरून चालत होतों, हें कबूल करतों. उपाहारगृहांत वाद्यवृंद लावून गाणीं म्हणण्याची तेथील रीत जुनी आहे. १९६९ सालीं उषा उत्थुप ह्या बाई तेथल्याच एका उपाहारगृहांत कांजीवरम् साडी नेसून इंग्रजी गाणीं म्हणूं लागल्या आणि पुढें साऱ्या देशांत प्रसिद्धि पावल्या. आम्ही बसलों तेथें एक तरुण इंग्रजी गात होता. मला त्यांतलें अक्षर समजलें नाहीं, पण सूर सच्चा होता. शेजारच्या मेजावर एक आजी आपल्या दोन नातींसह केक खात बसल्या होत्या आणि पायानें ताल धरीत होत्या! मीं लिंबूपाणी घेतलें. अधःपात माझ्या दृष्टीस पडला नाहीं. असेल तर तो पुढच्या गल्लींत असेल.

तेथून निघून आम्ही चहाच्या एका टपरीवर थांबलों. मातीच्या लहानशा भांड्यांत चहा देतात. पिऊन झाल्यावर तें तेथेंच टाकून द्यावयाचें. अकरा वाजून गेले होते, तरी पांचसात मंडळी फूटबॉलवरून हातघाईला आली होती. ह्याला ते लोक ‘अड्डा’ म्हणतात. आमच्या मराठींत अड्डा म्हटला कीं जुगार नाहीं तर दारू डोळ्यांपुढें येते. त्यांच्या भाषेंत तो शब्द निर्मळ गप्पांचा आहे. एकच शब्द एका प्रांतांत शिवी आणि दुसऱ्या प्रांतांत आनंद! ह्याच शब्दव्यवहाराची दुसरी, अधिक कडू बाजू मला लवकरच दिसावयाची होती.

दुसऱ्या दिवशीं एशियाटिक सोसायटी पाहिली. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८४ सालीं ती स्थापिली. सोसायटीच्या जुन्या संग्रहांत अशोकाचा बैराट येथील शिलालेख आहे. त्यापुढें मी नकळत हात जोडले. जोन्स साहेबांनीं १७८९ सालीं शाकुंतलाचें इंग्रजी भाषान्तर प्रसिद्ध केलें. त्यावरून १७९१ सालीं फोर्स्टरनें तें जर्मन भाषेंत नेलें, आणि ग्येटेसारखा कवि शकुंतलेवर लुब्ध झाला. मी केवळ मॅट्रिक. परंतु शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून शाकुंतलाचे सात अंक शिकलेला. संध्याकाळीं दक्षिण पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमींत साहेबांच्या उंच समाधीपाशीं उभा राहिलों तेव्हां वाटलें, हा परदेशस्थ मनुष्य आमच्या घरचें धन घेऊन गेला खरा, पण कोणाच्या घरचें तें जगाला सांगून घेऊन गेला. व्हिक्टोरिया मेमोरियलचा संगमरवर पाहिला, तो मकराण्याचा आहे; इमारत भव्य आहे आणि १९२१ सालीं पुरी झाली. तिच्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. तिचें वर्णन सर्वत्र मिळतें.

त्या रात्रीं हातीबागानांत एका नाट्यगृहापुढें आम्ही उभे राहिलों. गिरीशचंद्र घोषांच्या काळीं बिनोदिनी दासी नांवाची एक थोर नटी होऊन गेली. नव्या नाट्यगृहासाठीं तिनें स्वतःच्या आयुष्याचा सौदा केला. त्या बदल्यांत त्यास तिचें नांव द्यावयाचें ठरलें होतें. १८८३ सालीं नाट्यगृह उघडलें तेव्हां मात्र त्याचें नांव ‘स्टार’ ठेवण्यांत आलें. कारण एका वारांगनेच्या मुलीचें नांव दरवाजावर कोण घालणार? १८८४ सालीं त्याच रंगभूमीवर तिची चैतन्याची भूमिका पाहून रामकृष्ण परमहंसांनीं तिला आशीर्वाद दिला. तरी नांव तें नांवच राहिलें. पुढें स्टार नाट्यगृह हातीबागानांत आलें. १९९१ सालीं तें जळालें, २००४ सालीं पुन्हां उघडलें, आणि मी जाण्याच्या अगोदर अवघा महिनाभर, डिसेंबर २०२४ मध्यें, त्यास ‘बिनोदिनी’ हें नांव देण्याचें ठरलें. एकशेंएकेचाळीस वर्षांनीं एक चिठ्ठी बदलली! ती बाई १९४१ सालींच वारली होती. तिला त्याचा काय उपयोग, असें कोणीहि विचारील. मीहि विचारलें. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, तिला नाहीं, पण आम्हांला आहे.” विद्यार्थ्याकडून उत्तर ऐकून गप्प बसण्याचा प्रसंग मास्तरवर क्वचित् येतो.

तिसऱ्या रात्रीं कोठेंच गेलों नाहीं. आणि माझ्या यात्रेंतली मोठी रात्र तीच ठरली. जेवणें झालीं होतीं. मूल निजेना. तेव्हां आजीबाई त्याला खांद्यावर घेऊन सज्जांत येरझारा घालूं लागल्या आणि हलक्या आवाजांत एक अंगाई म्हणूं लागल्या. संस्कृत येत असल्यामुळें बंगाली भाषा मला अर्धीमुर्धी उलगडते. ऐकतां ऐकतां एक शब्द कानाला खटकला: ‘बर्गी’. मीं सूनबाईंस अर्थ विचारला. (विद्यार्थी पुत्रवत्, म्हणून ती माझी सूनबाईच.) ती थोडी संकोचली. म्हणाली, “काका, फार जुनी आहे ती. इकडे घरोघर म्हणतात. मूल निजवितांना बर्गी आल्याची वार्ता, आणि पीक गेल्यावर सारा कसा भरावा ही काळजी, एवढाच तिचा विषय.”

बर्गी म्हणजे आमचा बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारांतून मिळतें तो बारगीर, हें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहून दिलें होतें. तोच बारगीर येथें एका मातेच्या ओंठांवर होता, आणि त्याच्या भयानें मूल निजत होतें!

आजीबाईंनीं मला काय झालें म्हणून विचारलें असावें. लेकीनें सांगितलें कीं, काका नागपूरचे. त्या माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि मग मोकळेपणीं हंसल्या. म्हणाल्या, “लहानपणीं मला वाटे, बर्गीला शिंगें असतात. हा तर माझ्या घरीं लुच्या खाऊन बसला आहे!” सारीं हंसलीं, मीहि हंसलों. पण अंथरुणावर पडल्यावर डोळा लागेना.

सकाळीं त्या मुलीला खीर भरवीत होत्या. हातांत कांशाची खोल वाटी होती. “ह्याच वाटींत हिचें मुखेभात झालें,” असें सूनबाई म्हणाली. मुखेभात म्हणजे आपलें उष्टावण. त्या वाटीचा कांठ, तिची बैठक, आंतील खोली, सारें मला ओळखीचें होतें. आमच्या घरीं आहे ती वाटी आणि ही वाटी एकाच घाटाची होती.

त्या घरीं एक संस्कृताचे निवृत्त प्राध्यापक येत. मीं त्यांना विषय काढून विचारलें. त्यांनीं जें सांगितलें त्यांतलें अर्धें मला ठाऊक होतें. १७४२ सालीं रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालांत उतरले. कटव्यास तळ दिला. मुर्शिदाबादेंत जगत्शेटाची पेढी लुटली गेली. १७४४ सालीं अलीवर्दीखानानें भास्करपंतांस भेटीस बोलावून मनकऱ्यास दगा करून मारिलें. आणि १७५१ सालीं चौथाईचे सालिना बारा लक्ष रुपये कबूल करून व ओरिसाचा वसूल सोडून त्यानें तह केला. हें सारें मीं शिकविलें आहे. भास्करपंतांच्या खुनाचा प्रसंग सांगतांना माझा कंठ दाटत असे.

जें मला ठाऊक नव्हतें तें असें. बरद्वानच्या राजाचे पदरीं बाणेश्वर विद्यालंकार नांवाचे पंडित होते. त्यांनीं १७४४ सालीं चित्रचम्पू नांवाचें संस्कृत काव्य रचिलें. त्यांत शाहूराजाच्या ह्या फौजेचें वर्णन आहे: गर्भवती स्त्रिया, तान्हीं मुलें, ब्राह्मण आणि दरिद्री, कोणावरहि तिनें दया केली नाहीं. रियासतकार सरदेसायांचे परममित्र सर यदुनाथ सरकार ह्यांनीं आपल्या इतिहासांत त्याचा आधार घेतला आहे. दुसरा ग्रंथ गंगाराम नांवाच्या बंगाली कवीचा. १७५१ च्या सुमाराचा. त्याचें नांवच ‘महाराष्ट्रपुराण’! त्यांतली कल्पना मोठी मार्मिक आहे. लोक पापी झाले म्हणून शंकरच मराठ्यांना त्यांच्या पारिपत्यासाठीं धाडतो. परंतु त्यांनीं स्त्रिया व ब्राह्मण मारले तेव्हां भगवती कोपते आणि त्यांचा पक्ष सोडून अलीवर्दीचा पक्ष घेते. ज्या भास्करपंतांनीं बंगालांतच दुर्गापूजा मांडली होती, त्यांच्यावर देवीच उलटली, असें तो कवि म्हणतो.

शत्रूनें केलेली निंदा आपण शत्रूची म्हणून सोडून देतों. पण हा शत्रु नव्हता. हा माझ्यासारखाच संध्या करणारा, माझ्याच देववाणींत लिहिणारा एक ब्राह्मण पंडित होता. त्याची भाषा समजत नाहीं अशी सबब मला उरली नव्हती.

दुपारीं मी बागबाजाराकडे एकटाच गेलों. तेथें ‘मराठा डिच लेन’ नांवाची एक गल्ली आहे. १७४२ सालीं मराठे येतील ह्या भयानें कलकत्त्याच्या रहिवाशांनीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. कांहीं कोस खणला, आणि मराठे येत नाहींत असें पाहून अपुरा सोडला. पुढें तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. आज त्याच मार्गास आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र ह्या दोन महान् शास्त्रज्ञांचीं नांवें आहेत. मराठे कलकत्त्यास कधींच आले नाहींत. तरी त्यांच्या नांवाची गल्ली आहे आणि त्यांच्या नांवाची अंगाई आहे. खंदक बुजला, पण अंगाई बुजली नाहीं. जादूघरांतलें भारहूत पाहावयास तिकीट काढावें लागतें. हा इतिहास मात्र दररोज रात्रीं नऊ वाजतां घरोघर आपोआप उघडतो.

ह्याच बंगालनें पुढें काय केलें तेंहि लिहिलें पाहिजे. रमेशचंद्र दत्तांनीं १८७८ सालीं शिवछत्रपतींच्या काळावर ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी लिहिली. वैद्यनाथधामाकडे वाढलेल्या सखाराम गणेश देऊस्कर ह्या मराठी गृहस्थानें बंगालींत ‘देशेर कथा’ लिहून स्वदेशीची ज्योत पेटविली. १९०४ सालीं रवींद्रनाथांनीं शिवाजी-उत्सवावर कविता केली, आणि १९०६ सालीं त्या उत्सवासाठीं लोकमान्य स्वतः कलकत्त्यास गेले तेव्हां लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें. ज्यांच्या आज्या बर्गीचें भय घालून मुलें निजवीत होत्या, त्यांनींच शिवाजीला आपला म्हटलें. विसरून नव्हे, लक्षांत ठेवून म्हटलें. हें मन मोठें आहे.

शेवटची रात्र डोव्हर लेन संगीत संमेलनाची. १९५२ पासून दर पौषमाघांत हें संमेलन भरतें आणि रात्रभर चालतें. नजरुल मंचावर शालींत गुरफटलेली हजारों माणसें पहांटेपर्यंत बसून होतीं. मधून मधून बाहेर जाऊन चहा पिऊन येत. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मी महाराष्ट्रांतला असें कळतांच त्यांनीं माझा हात धरला आणि पं. भीमसेन जोश्यांच्या एका रात्रीचें वर्णन करूं लागले. त्या रात्रीं आपण पायीं घरीं गेलों, कारण गाडींत बसलें असतां सूर मोडला असता, असें ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. आमच्याकडून तिकडे काय काय गेलें! एकदां घोडे गेले, एकदां सूर गेले. दोहोंचा हिशेब हें शहर ठेवून आहे, आणि एकाची दुसऱ्यांत वजाबाकी करीत नाहीं.

पहांटे भैरवाचे सूर लागले तेव्हां मी निश्चय केला कीं, निघण्यापूर्वीं आजीबाईंस आमच्या वाटीची गोष्ट सांगावयाची. त्या दारापर्यंत पोंचवावयास आल्या. डब्यांत माझ्यासाठीं संदेश भरून दिले. मीं नमस्कार केला, आणि कांहीं न बोलतां गाडींत बसलों. साऱ्या आयुष्यांत मुलांना ‘खरें बोला’ म्हणून सांगितलें. स्वतःवर वेळ आली तेव्हां जीभ उचलली नाहीं.

घरीं आल्यावर रात्रीं सर्वांस बसवून ही हकीकत सांगितली. धाकटे बंधु तापले. “दादा, पावणेतीनशें वर्षें झालीं! त्या काळीं सगळ्याच फौजा लुटीत. आणि ती वाटी बाजारांतून विकत घेतलेली नसेल कशावरून?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. वाटी विकत घेतलेली असूं शकते, बक्षीस मिळालेली असूं शकते, आणि कोणा आईच्या हांतून ओढून घेतलेलीहि असूं शकते. पुतण्या म्हणाला, ती संग्रहालयास देऊन टाकूं. आमच्या सौ. इतका वेळ वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “देऊन टाकली म्हणजे आपण सुटलों, असेंच ना? वाटी घरांतच राहूं द्या. पण आतां नुसती अभिमानानें नको दाखवूं. सगळें सांगून दाखवूं.”

मग माझ्या अकरा वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्हीं आम्हांला फक्त चौथाई सांगितलीत. बाकीच्या तीन चौथाया कोणीं सांगावयाच्या?” मीं त्यास उत्तर दिलें नाहीं. त्याच्या हातांत दौत आणि जाड कागद दिला, आणि मी सांगत गेलों तशी त्यानें चिठ्ठी लिहिली:

“कांशाची वाटी. बंगाल. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारींतून आली असें घरांत सांगतात. १७४२ ते १७५१ च्या दरम्यान. कोणाच्या घरची, ठाऊक नाहीं. काय देऊन घेतली, ठाऊक नाहीं.”

पुढें वैशाखांत पुतण्याच्या मुलाचें उष्टावण झालें. खीर त्याच वाटींत कालविली. मुलाच्या ओंठांना ती लावण्यापूर्वीं घरच्या धाकट्या सुनेनें चिठ्ठी मोठ्यानें वाचली. आलेल्या पाहुण्यांतल्या कांहींनीं नाकें मुरडलीं, कांहींनीं पुन्हां वाचावयास लावली. मूल तेवढें स्वस्थपणें खीर चाटीत होतें.

असो. हा अंक छापून आला म्हणजे त्याची एक प्रत मी कलकत्त्यास धाडणार आहें. सूनबाईला मराठी वाचतां येतें. ती आपल्या आईस तो बंगालींत सांगेल. दारांत उभें राहून जें बोलवलें नाहीं, तें येथें चार वाचकांसमक्ष लिहून टाकलें आहे. पत्राचें उत्तर येईल तेव्हां, तें कसेंहि असो, ह्याच सदरांत कळवीन.